धापा टाकणारी गळती

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना सगळी गल्ली ‘गळतीकाका’ म्हणते आणि काकांना त्याचं काहीच वाटत नाही. उलट एखाद्याने नुसतं ‘काका’ म्हटलं, तर ही हाक नक्की कुणाला असावी म्हणून ते मागे वळून बघतात. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं आहे. रस्त्याखाली गाडलेला पाइप कुठे गळतोय ते, रस्ता न खणता, नुसतं ऐकून सांगायचं.

त्यासाठी त्यांच्याकडे एक पोलादी सळई आहे. उभ्या माणसाच्या कानापर्यंत पोचेल एवढी लांब, वरच्या टोकाला लाकडाची छोटीशी वाटी. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि श्वास रोखायचा. खाली पाइप गळत असेल तर सळईतून बारीकशी ‘शूऽऽ’ वर येते. मग काका खिशातून खडू काढून फुली मारतात आणि खणणारे तिथे खणतात. चौतीस वर्षांत एकही फुली चुकली नाही, असं काका सांगतात.

“दोनदा चुकली,” काकू सांगतात. “एकदा लग्नाच्या आदल्या आठवड्यात आणि एकदा नंतरच्या. तेव्हा यांचं लक्ष कुठे होतं ते विचारू नका.”

या कामाचा एक परिणाम असा झाला, की काकांचं आवाजाशी कायमचं वैर. ते घरात शिरले की आधी पंखा बंद होतो, मग रेडिओ, मग फ्रिज. फ्रिज बंद केल्याचं काकूंना दुसऱ्या दिवशी दुधावरून कळतं. आमच्या घरी चहाला आले तरी त्यांचा हात आधी भिंतीवरच्या बटणांकडे जातो. “जरा ऐकू या तरी काय ते,” असं म्हणून ते सगळं बंद करतात आणि मग बोलत काहीच नाहीत.

तर अशा माणसाच्या गेल्या वर्षी एका महिन्यात तीन फुल्या चुकल्या.

पहिल्या फुलीखाली कंबरभर खणलं. पाइप नवाकोरा असल्यासारखा आणि माती कोरडी ठणठणीत. दुसऱ्या फुलीखालीही तेच. तिसऱ्या वेळी तर एका दवाखान्याच्या दारातच खड्डा पडला आणि दोन दिवस पेशंट फळीवरून तोल सावरत आत जात होते. पण काका ऐकायला तयार नव्हते. म्हणजे ऐकायला तर ते तयारच होते, तीच तर अडचण होती.

“अरे, मी ऐकलीय ना!” ते मला जिन्यात अडवून सांगत. “ही नेहमीची गळती नाही. नेहमीची एकसारखी शूऽऽ करते. ही दम खाऊन गळते. शू-शू-शू-शू. मग थांबते. मग परत शू-शू-शू. धापा टाकतेय बिचारी. पंपाच्या ठोक्याबरोबर एखादा सांधा उघडमीट करत असणार.”

“पण काका, खणल्यावर निघालं काहीच नाही.”

“म्हणजे ती सरकली.”

पुढच्या पंधरा दिवसांत ही धापा टाकणारी गळती त्यांना आणखी आठ ठिकाणी ऐकू आली. एकूण अकरा जागांचा अहवाल त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. त्यांचं अक्षर हल्ली फार बारीक झालं होतं, ओळ सरकेल तसं आणखी बारीक. इंजिनियर साहेबांनी तो अहवाल भिंग लावून वाचला आणि काकांना बोलावून घेतलं. साहेब वयाने काकांच्या निम्मे, माणूस सरळ.

“काका, तुमच्या म्हणण्याप्रमाणे आपल्या अख्ख्या शहराच्या पाइपांना दमा झालाय.”

“तसंच दिसतंय, साहेब.”

“मग असं करू. महिनाअखेरपर्यंत डॉक्टरांचा कागद आणा. सगळं ठीक असेल तर सळई तुमचीच. नसेल तर आत टेबल आहे, खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे. निवृत्तीपर्यंत आरामात बसा.”

टेबलखुर्चीचं काकांना एवढं लागलं नाही. पंख्याचं फार लागलं.

कानाच्या डॉक्टरांकडे मीच दोघांना घेऊन गेलो, कारण काकूंचा तसा हुकूम होता. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर ते मोठे हेडफोन चढवून तपासणी झाली. डॉक्टर बाहेर आले ते कौतुक करतच. “यांचे कान चाळिशीतल्या माणसाचे आहेत.”

“बाकीच्या भागांचं काय?” काकूंनी विचारलं.

डॉक्टर हसले, पण मग जरा गंभीर झाले. “तेच म्हणणार होतो. आत बसले होते तेव्हा यांचा उजवा हात मांडीवर सारखा हलत होता. कधीपासून?”

“कुठला हात?” काका म्हणाले आणि त्यांनी हात उचलून बघितला. हात दगडासारखा स्थिर. “हा? हा कुठे हलतोय?”

तिथून आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे. ते बारीक चणीचे, हळू बोलणारे. त्यांनी काकांना बोळातून चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. काका त्र्याण्णव, शहाऐंशी करत असताना डॉक्टर आकड्यांकडे लक्षच देत नव्हते, हाताकडे बघत होते. कॉफीचा वास येतो का, तेही विचारलं. काका म्हणाले, कॉफीला वास नसतोच. काकूंनी कपाळावर हात मारला.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हाताचा कंप दोन जातींचा असतो. एक, काहीतरी धरायला गेलं की येतो. तो त्रासदायक, पण तसा साधा. दुसरा, हात निवांत पडलेला असताना येतो, आणि मन दुसरीकडे गुंतलं की वाढतो. त्याच्यामागे बहुधा पार्किन्सन असतो. काकांचा कंप थोडा असा, थोडा तसा. कपबशी धरतानाही किंचित होता. त्यांनी आधीच काढायला लावलेल्या एमआरआयमध्येही काही वेगळं दिसलं नव्हतं.

“म्हणून आणखी एक तपासणी करून बघू,” डॉक्टर म्हणाले. “मेंदूची सोनोग्राफी.”

काका खुर्चीत सरसावून बसले. “सोनोग्राफी म्हणजे आवाजाने?”

“आवाजानेच. आपल्याला ऐकू न येणाऱ्या.”

“कवटी न उघडता?”

“न उघडता.”

चौतीस वर्षांत पहिल्यांदाच काकांना कुणीतरी भाऊबंद भेटल्यासारखं झालं. दुखणं गेलं बाजूला, प्रश्न सुरू झाले. आवाज आत किती खोल जातो? हाडाला आपटून परत येतो की आरपार जातो? सांधा कसा ओळखतात? शेवटी डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा काका थांबले, आणि एकदम हलक्या आवाजात म्हणाले, “डॉक्टर, मला एवढंच कळायला हवं. गळती पाइपात आहे, की माझ्यात?”



सोनोग्राफीची खोली लहानशी, अर्धवट अंधारलेली. एका कडेला चाकांवरचं मशीन, शेजारी पोलादी कठड्यांची अरुंद कॉट, कोपऱ्यात नॅपकिनची चळत आणि जेलीच्या बाटल्या. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या. “आयुष्यभर पोटातली बाळं बघितली,” त्या म्हणाल्या. “आता गेली चार वर्षं आजोबांची डोकी बघतेय. बाळं बरी. प्रश्न विचारत नाहीत.”

त्या जेलीची बाटली उघडत होत्या तेवढ्यात काकांनी सवयीने खोलीवरून नजर फिरवली. पंखा चालू होता. एसी चालू होता. कुठूनतरी गुंऽऽ आवाज येत होता. ऐकण्याची तपासणी आणि खोलीत एवढा गोंगाट! काकांनी पुढे होऊन भिंतीवरची बटणं पटापट बंद केली, एक, दोन, तीन. पंखा थांबला, एसी थांबला, आणि मशीनही विझलं.

“अहो!” डॉक्टरबाई ओरडल्या.

“आता ऐका,” काका समाधानाने म्हणाले. “आता सुई पडली तरी ऐकू येईल तुम्हाला.”

“अहो काका, मशीनला पंख्याचा आवाज नाही ऐकू येत! दहा मिनिटं गेली आता ते चालू व्हायला.”

“पंखा ऐकू येत नाही आणि मेंदू ऐकू येतो?” काकांना ते मशीन जरा संशयास्पदच वाटलं.

पण त्या दहा मिनिटांत डॉक्टरबाईंनी त्यांना सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा राग कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. कानाच्या जरा पुढे, वर, कवटीचं हाड पातळ असतं. त्याला त्या खिडकी म्हणतात. तिथून आवाज आत सोडायचा. आत मेंदूच्या मधोमध एक भाग असतो, तो पडद्यावर काळ्या फुलपाखरासारखा दिसतो. त्या फुलपाखराच्या पंखांमध्ये एक पट्टा असतो. बहुतेकांचा पट्टा आजूबाजूसारखाच काळपट. पार्किन्सनच्या बऱ्याच पेशंटांचा मात्र उजळ दिसतो.

“उजळ का?”

“तिथे लोह जास्त साचतं, असा अंदाज आहे.”

“म्हणजे गंज!”

“गंज नाही हो काका.”

“लोखंड आणि पाणी एकत्र आलं की त्याला आमच्या खात्यात गंजच म्हणतात.”

मशीन सुरू झालं. डॉक्टरबाईंनी उजव्या कानशिलावर जेली लावून दांडीसारखं ते यंत्र टेकवलं, वर केलं, खाली केलं, तिरकं केलं. पडद्यावर नुसतं धुकं. “ही खिडकी बंद आहे,” त्या म्हणाल्या. “काहींचं हाड जाड असतं, आवाज आतच जात नाही.”

“तीस वर्षं मी दुसरं काय सांगतेय?” दारातून काकू म्हणाल्या.

मग डावी बाजू. काकांनी तोंड उजवीकडे वळवलं. उशी काढलेली, त्यामुळे उजवा कान थेट कॉटच्या कठड्याला टेकला. उजवा हातही त्याच कठड्यावर. डावी खिडकी मात्र उघडली. पडद्यावर हळूहळू धुकं विरळ झालं आणि मधोमध खरोखरच एक लहानसं काळं फुलपाखरू आलं. मी आणि काकू पुढे वाकलो. त्याच्या एका पंखात, रुंदीने नखाएवढीही नसेल, अशी एक पांढुरकी तिरपी रेघ होती. डॉक्टरबाई चित्र थांबवून तिच्याभोवती बारकाईने ठिपके मांडू लागल्या. काकांनी डोळे मिटले होते आणि श्वासही रोखला असावा.

“बाई,” ते एकदम म्हणाले, “तुमच्या भिंतीत पाइप गळतोय.”

“काय?”

“हलू नका. गळतोय. तीच ती! शू-शू-शू-शू. धापा टाकणारी. अहो, इथेसुद्धा पोचली!” त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. “मी म्हणत होतो ना साहेबांना! अख्ख्या शहरात आहे म्हणून!”

“या भिंतीत पाण्याची लाइनच नाही, काका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर कठड्यावर गेली. माझीही गेली.

काकांचा उजवा हात कठड्यावर निवांत पडला होता. आणि अंगठा बोटांवरून, जणू एखादी गोळी वळावी तसा, मागेपुढे होत होता. प्रत्येक वेळी अंगठ्याची कड पोलादावर घासत होती.

डॉक्टरबाईंनी फार हळू विचारलं, “अजून येतोय का आवाज?”

“येतोय की. स्पष्ट.”

“आता हात जरा वर उचला.”

काकांनी हात उचलला. हात हवेत स्थिर.

“आता?”

काका ऐकत राहिले. “थांबली.”

“खाली ठेवा. आणि शंभरातून सात वजा करत जा बरं.”

“त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी...” आणि काका अडखळले. त्यांनी डोळे उघडले, मान फिरवली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपला हात हलताना पकडला. ते बराच वेळ बघत राहिले. हात बघितला म्हणून थांबला, त्यांनी नजर काढली, तो हळूच पुन्हा निघाला.

“हीच का ती?” ते म्हणाले. “अगं, हीच ती!”

काकू पुढे आल्या आणि त्यांनी तो हात आपल्या हातात धरला. काकांनी हळूच सोडवून घेतला. “थांब थांब. अजून एकदा ऐकू दे.” आणि कान कठड्याला लावून ते स्वतःच्या अंगठ्याचा आवाज ऐकत पडून राहिले, जसा चौतीस वर्षं रस्त्याचा ऐकला तसा. सळईवर सैल धरलेला हात, सगळं लक्ष कानात, आणि लक्ष कानात म्हणून हात मोकळा सुटलेला. जितकं जास्त लक्ष देऊन ऐकावं तितकी गळती जास्त.

दोन दिवसांनी मेंदूच्या डॉक्टरांनी चित्र बघितलं. डाव्या बाजूची रेघ नेहमीपेक्षा मोठी आणि उजळ होती, आणि उजव्या हाताची सूत्रं मेंदूच्या डाव्या बाजूकडेच असतात. “पण नुसत्या चित्रावरून मी सांगणार नाही,” ते म्हणाले. “शंभर धडधाकट माणसांची डोकी तपासली तर दहाएक जणांत असा उजळ पट्टा सापडतो आणि त्यांना काहीही होत नाही.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “पाइपाच्या वळणावरही आवाज मोठा येतो. तिथे गळती असतेच असं नाही. आणि ऐकायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी ऐकायचं. माझी तर एकच खिडकी उघडली.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. असा पेशंट त्यांना फारसा मिळत नसावा. “दुसरी बाजू तुमच्या अंगठ्याने ऐकवली की. निवांत असताना येणारा कंप, वजाबाकीबरोबर वाढणारा. चालताना न हलणारा उजवा हात. बारीक होत गेलेलं अक्षर. वास. आणि त्यावर हे चित्र. सगळं मिळून मी म्हणेन, पार्किन्सन आहे. सुरुवातीचा. औषधाने बराच आटोक्यात राहील. पुसून जाणार नाही.”

काकूंनी पर्सचा बंद दोनदा उघडला आणि दोनदा लावला. काका म्हणाले, “म्हणजे पाइप चांगले आहेत.”

घरी येताना गाडीत ते एवढंच बोलले, “त्या अकरा फुल्या पुसायला हव्यात.”

गोळ्या सुरू होऊन तीन दिवस झाले होते, हात अजून आपल्याच नादात होता, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना आम्ही निघालो. यादी काकांच्या खिशात, सळई काकूंच्या हातात. काकांनी ठरवलं होतं की सळईला स्वतः शिवायचं नाही. काकू दोन्ही हातांनी धरणार आणि ते फक्त कान लावणार.

“हलू नकोस,” काका म्हणाले.

“मी हलत नाहीये. हलणारे तुम्ही.”

पहिल्या जागी त्यांनी कान लावला, श्वास रोखला. “काही नाही,” ते म्हणाले. दुसऱ्या जागी, “काही नाही.” तिसऱ्या, चौथ्या. प्रत्येक वेळी ते यादीवर रेघ मारत. मला वाटलं होतं, एकेक रेघ त्यांना जड जाईल. पण त्यांचा चेहरा वेगळाच होत चालला होता. कितीतरी महिन्यांनी त्यांना एका पाइपाची शांतता ऐकू येत होती. दवाखान्याच्या दारातल्या बुजवलेल्या खड्ड्यावर तर ते सांगूनही कान काढेनात. “काय छान गप्प आहे गं,” म्हणाले.

नवव्या जागी त्यांनी कान काढलाच नाही.

“काही नाही ना?” काकूंनी विचारलं.

“आहे.”

“अहो, हात तर माझे आहेत!”

“धापा नाही टाकत. एकसारखी आहे.” ते सरळ झाले. चेहरा उतरला होता. महिनाभरापूर्वी याच आवाजात त्यांनी ‘ऐकलीय’ म्हणून सांगितलं असतं. आता ते काकूंकडे बघत राहिले. “तू ऐक.”

“मी? मला काय कळतंय?”

“ऐक तर. मी धरतो.”

तीस वर्षांच्या संसारात काकूंनी त्या वाटीला कधी कान लावला नव्हता. त्यांनी केस मागे सारले, मान तिरकी केली, डोळे मिटले. काकांनी उजव्या हाताने सळई धरली. थोड्याच वेळात त्यांचा अंगठा सुरू झाला. मी बघत होतो. काकूही नक्कीच ऐकत होत्या, कारण त्यांचे ओठ घट्ट मिटले.

“दोन आवाज आहेत,” बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. “एक थांबून थांबून. तो तुमचा.”

“आणि दुसरा?”

“दुसरा खालून येतोय. बारीक. थांबतच नाही. तव्यावर पाण्याचा थेंब टाकावा ना, तसा.” त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. “तुमचा वरचा आहे हो. वेगळा काढता येतोय.”

उरलेल्या दोन जागी पुन्हा काकूंनी सळई धरली, काकांनी कान लावला, तिथे काही नव्हतं. मग काकांनी फोन काढून इंजिनियर साहेबांना रविवारी सकाळी झोपेतून उठवलं. अकरातल्या दहा गळत्या आपल्या अंगठ्याच्या, त्या रद्द कराव्यात, असं त्यांनी न अडखळता सांगितलं. डॉक्टरांचा कागद आणतो, त्यात काय लिहिलंय तेही सांगितलं. मग म्हणाले, “पण नववी खणा, साहेब.”



“काका, नक्की ना? चौथा कोरडा खड्डा मला वर समजावता येणार नाही.”

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू अजून सळई धरून उभ्या होत्या. “मी एकट्याने ऐकलेलं नाही,” काका म्हणाले.

दुपारी खणणारे आले, साहेबही आले, चुरगळलेल्या शर्टात. गुडघाभर खोल जाईपर्यंत माती कोरडीच होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग फावड्याला चिखल लागला. आणखी हातभर खाली पाइपाच्या सांध्यातून करंगळीएवढी धार तिरपी उडत होती. साहेब खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले, धार बघितली, आणि मग काकांना म्हणाले, “उद्या दोन जागा ऐकायच्या आहेत. सातला या.”

काका म्हणाले, “हिला विचारून सांगतो. सळई ती धरते.”

“सातला नाही जमायचं,” काकू म्हणाल्या. “आठ.”